गेम अडखळत होता, कारण काम भलत्याच जीपीयूवर चाललं होतं

लॅपटॉपवर गेम सुरू केला की चित्र अडखळायचं. ड्रायव्हर अपडेट केला, रिझोल्यूशन कमी केलं, तरी काही फरक नाही. मग गेम चालू ठेवूनच टास्क मॅनेजरमधला परफॉर्मन्स टॅब पाहिला. प्रोसेसरमधला जीपीयू (चित्र तयार करणारी चिप) पूर्ण ताणलेला आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड जवळजवळ रिकामं! बऱ्याच लॅपटॉपमध्ये असे दोन जीपीयू असतात. बॅटरी वाचावी म्हणून हलकं काम प्रोसेसरमधल्या जीपीयूकडे जातं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन गेमची मूळ फाईल जोडली (गेम उघडून देणाऱ्या लाँचर प्रोग्रामची नव्हे, हे फार महत्त्वाचं) आणि ‘हाय परफॉर्मन्स’ निवडलं. गेम बंद करून पुन्हा उघडल्यावर सगळं सुरळीत. खेळताना चार्जर मात्र लावाच. नुसत्या बॅटरीवर ग्राफिक्स कार्डला सहसा पूर्ण वीज मिळत नाही.