ऐकलेल्या गाण्यांची हिस्टरी मोबाईलमध्ये कशी ठेवायची

यूट्यूबची हिस्टरी वेगळी, स्पॉटिफायची वेगळी, आणि मोबाईलच्या दुकानातून मेमरी कार्डात भरून आणलेल्या गाण्यांची तर कुठंच नाही. हे सगळं एका जागी पाहिजे असेल तर लास्ट डॉट एफएमवर फुकटात अकाउंट काढा. 2002 पासून चालू असलेली साइट आहे, भरवशाची आहे. आपण कोणतं गाणं कधी ऐकलं एवढंच ती लिहून ठेवते, गाणी वाजवायचं काम आपल्या नेहमीच्या अ‍ॅपनं करायचं.

अँड्रॉइडवर यासाठी पॅनो स्क्रोबलर नावाचं अ‍ॅप टाकायचं. उघडलं की लास्ट डॉट एफएमचं लॉगिन मागतं, मग नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस मागतं. ही परमिशन बघून लई जण घाबरतात, पण वर पट्टीत जे गाण्याचं नाव दिसतं ते वाचल्याशिवाय त्याला कळणार कसं, त्यामुळं ती द्यावीच लागते. प्ले स्टोअर सोडून बाहेरून फाइल घेऊन टाकलं असेल आणि अँड्रॉइड 13 किंवा पुढचं असेल तर ते बटन पुसट दिसतं, दाबलं जात नाही. तेव्हा सेटिंग्जमध्ये अ‍ॅप इन्फोत जाऊन वरच्या तीन टिंबांतून रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज अलाउ करायचं.

त्यानंतर कोणकोणत्या अ‍ॅपची गाणी नोंदवायची ते टिक करा. आणि एक काम विसरू नका, बॅटरीच्या सेटिंगमध्ये या अ‍ॅपला अनरिस्ट्रिक्टेड करा, ऑटोस्टार्ट असेल तर तेही चालू करा, नाहीतर स्वस्तातले बरेच फोन बॅटरी वाचवायच्या नावाखाली त्याला मागच्या मागं बंद करून टाकतात आणि चार दिवसांनी बघावं तर हिस्टरी कोरी. स्पॉटिफायवाल्यांना अजून सोपं, लास्ट डॉट एफएमच्या वेबसाइटवर सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्लिकेशन्समध्ये जाऊन स्पॉटिफाय थेट जोडता येतं, आयफोनवाल्यांनाही हे चालतं. फक्त तिकडं जोडलं तर पॅनोमध्ये स्पॉटिफायची टिक काढा, नाहीतर एकेक गाणं दोनदा पडतं.

शेतात रेंज नसली तरी टेन्शन नाही, नोंदी फोनमध्ये साठून राहतात आणि नेट आलं की वर जातात. पण लास्ट डॉट एफएम दोन आठवड्यांपेक्षा जुनी नोंद घेत नाही, तेवढ्यात एकदा तरी नेट चालू करा.

नोंद कधी पडते? गाणं 30 सेकंदांपेक्षा मोठं पाहिजे आणि अर्धं किंवा 4 मिनिटं, यातलं जे आधी होईल तेवढं वाजलं पाहिजे. आता गंमत बघा, आपल्याकडं रात्री दोन तासांचं कीर्तन लावून झोपायची पद्धत, ते चौथ्या मिनिटाला एक गाणं म्हणून नोंदवलं जातं आणि कलाकार म्हणून त्या चॅनलचं नाव लागतं. म्हणून यूट्यूबची टिक काढून टाकलेली बरी, यूट्यूब म्युझिकची राहू द्या.

खरी कटकट नावांची आहे, मराठी गाण्यांची तर विशेष. लता मंगेशकर देवनागरीत एक, इंग्रजीत एक, दोन वेगळ्या बाया धरल्या जातात. प्रल्हाद शिंद्यांचं इंग्रजी स्पेलिंग कुणी एल आधी टाकतं कुणी एच आधी, झाले दोन कलाकार. अभंगाला कुठं भीमसेन जोशी तर कुठं संत तुकाराम, चित्रपटाच्या गाण्याला गायक सोडून संगीतकार. पहिल्या आठवड्यातच ठरवून टाका की कलाकार म्हणजे गाणारा, आणि लिपी एकच. चुकलेली नोंद पॅनोमधूनच एडिट होते, आणि ती दुरुस्ती अ‍ॅप लक्षात ठेवतं, तेच गाणं परत लागलं की बरोबर नाव जातं. मेमरी कार्डातल्या गाण्यांना नावाच्या जागी कुठल्यातरी डाउनलोड साइटचा पत्ता चिकटलेला असतो, ती आधी एखाद्या टॅग एडिटरनं, म्हणजे फाइलमधलं गाण्याचं-गायकाचं नाव बदलणाऱ्या अ‍ॅपनं, साफ करा. कंटाळवाणं काम आहे पण आवडीच्या तेवढ्याच फाइल घ्या, सगळं कार्ड कुणी सांगितलंय.

हे झालं आपल्या फोनवरचं. आता तुम्ही जिंतूरहून परभणीला काळी-पिवळीत दाटीवाटीनं बसलाय आणि ड्रायव्हरनं एक भारी जुनं गाणं लावलंय, त्याला पॅनो काय करणार. तिथं शझाम, म्हणजे वाजणारं गाणं ऐकून त्याचं नाव सांगणारं अ‍ॅप. बटन दाबा, फोन स्पीकरकडं धरा, शेजारचा म्हणतो "काय करू लालास रं", म्हणू द्या. नेट नसलं तरी आवाज साठवून ठेवतं आणि नंतर शोधतं, सापडलेलं सगळं त्याच्या लायब्ररीत राहतं. 2002 साली इंग्लंडमध्ये सुरू झालं तेव्हा म्हणे 2580 नंबर फिरवून फोन गाण्यासमोर धरायचा आणि नाव एसएमएसनं यायचं.

पण शझाम जुळवतं ते रेकॉर्डिंग, चाल नाही. माळेगावच्या जत्रेत फडावर कुणी समोर गायलं, घरी देवीचा गोंधळ चालू असला, किंवा वरातीत डीजेनं गाणं पळवून वाजवलं तर बहुतेक वेळा हात वर करतं. अशा वेळी व्हॉइस रेकॉर्डर चालू करून पंधरा-वीस सेकंद भरून घ्या, फाइलला गावाचं नाव द्या, आणि घरी येऊन गूगल अ‍ॅपच्या माइकवर गाणं शोधाचा पर्याय घेऊन ती चाल गुणगुणा. तो चालीवरून शोधतो, सूर थोडा इकडंतिकडं झाला तरी चालतं. मूळ गाणं रेकॉर्डच झालेलं नसेल तर मात्र गाणाऱ्यालाच जाऊन विचारा.

आणि लास्ट डॉट एफएमचं प्रोफाइल कुणालाही उघडून बघता येतं बरं का. रात्री दोनला काय ऐकत होतात हे गावाला कळू द्यायचं नसेल तर वेबसाइटवर सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत जाऊन रिसेंट लिसनिंग लपवायची टिक करून टाका.