हर्णै-मुरुड-आंजर्ले: एका दिवसाची, गावाला हातभार लावणारी सहल

दापोली तालुक्यातील ही तिन्ही गावे एकमेकांच्या जवळ असल्याने सकाळी लवकर निघाल्यास एका दिवसात निवांत पाहून होतात. आधी आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीचे दर्शन घ्यावे. तेथून समुद्रातला सुवर्णदुर्ग दिसतो.

दुपारच्या जेवणासाठी मुरुडमधील एखाद्या घरगुती खाणावळीत आदल्या दिवशीच फोन करून माणसांची संख्या सांगावी, कारण तेथे सांगितल्याप्रमाणेच नारळ खवला जातो, मासळी आणली जाते आणि ऐनवेळी बेत रद्द झाल्यास नुकसान त्या घराचेच होते.

दुपार कलल्यावर हर्णै बंदर गाठावे. होड्यांतून उतरलेल्या सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग वाळूवर मांडले जातात आणि भोवती कोंडाळे करून लिलाव पुकारला जातो. तेथे फोटोसाठी मध्ये घुसू नये. थोडीच मासळी हवी असल्यास लिलावातून माल घेऊन किरकोळ विकणाऱ्या बायकांकडून घ्यावी. घासाघीस बेताचीच करावी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, म्हणून त्या काळात लिलाव पाहण्याच्या आशेने जाऊ नये.

जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा उन्मळून पडल्या. नव्याने लावलेले माड फळाला येण्यास काही वर्षे लागतात, आणि तोवर आगळ (कोकमाचा दाट रस), कोकम, आंबापोळी यांच्या विक्रीचा मोठा आधार असतो. ही खरेदी शहरातील दुकानात न करता येथेच, बचत गटांकडून करावी, आणि सुटे पैसे जवळ ठेवावेत.