मध्यम आकाराच्या एसयूव्हींची तुलना मागच्या आसनापासून सुरू करावी

कुटुंबासाठी मध्यम आकाराची एसयूव्ही घ्यायचे ठरले की क्रेटा, सेल्टोस, ग्रँड विटारा, हायरायडर, एलिव्हेट, कुशाक, टायगुन अशी नावे एकापाठोपाठ समोर येतात आणि घरातली चर्चा इंजिनाची ताकद, पडद्याचा आकार व सनरूफ यांच्याभोवती फिरू लागते. यातले बरेचसे पुढे बसणाऱ्याच्या वाट्याला येते. कुटुंबाच्या गाडीत मात्र पुण्याहून सावंतवाडीपर्यंतचा प्रवास मागे बसून करणारी आजी असते, बालआसनात झोपलेले मूल असते आणि त्या दोघांच्या मध्ये अंग चोरून बसलेले तिसरे माणूसही असते. म्हणून तुलनेची सुरुवात मागच्या दारापासून करावी आणि इंजिनाकडे सर्वांत शेवटी यावे, असे माझे ठाम मत आहे.

शोरूममध्ये जाण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात. नेहमी किती माणसे गाडीत बसतात, वर्षाला साधारण किती किलोमीटर प्रवास होतो आणि त्यातला शहरातला भाग किती. नेहमी सहा माणसे प्रवास करत असतील तर पाच आसनांच्या गाड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. त्यांनी तीन रांगांच्या गाड्यांकडेच वळावे. जिथे गाडी उभी करायची ती जागाही मोजून ठेवावी. मुंबई-पुण्यातल्या पुष्कळ सोसायट्यांमध्ये यांत्रिक पार्किंग असते आणि त्याला उंचीची व वजनाची मर्यादा असते. ती मर्यादा सोसायटीच्या कार्यालयात विचारूनच पुढे जावे.

मागचे आसन

माहितीपत्रकातल्या आकड्यांवरून मागच्या जागेचा अंदाज बांधताना फसगत होण्याची शक्यता बरीच असते. क्रेटाची लांबी ४३३० मिमी आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांच्या केंद्रांमधले अंतर, २६१० मिमी आहे. कुशाक तिच्यापेक्षा शंभर मिलिमीटरहून अधिक आखूड, ४२२५ मिमी लांबीची असूनही तिचा व्हीलबेस २६५१ मिमी आहे. एवढ्यावरून कुशाक मागे अधिक ऐसपैस असेल असे वाटेल. परंतु तिची रुंदी १७६० मिमी आणि क्रेटाची १७९० मिमी आहे, त्यामुळे मागे तीन प्रौढ बसवायचे असतील तर हिशेब उलटू शकतो. गुडघ्यांची जागा आणि खांद्यांची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोघांच्या कुटुंबाला जी गाडी उत्तम वाटते ती पाच जणांच्या कुटुंबाला अडचणीची वाटू शकते.

यासाठी टेप घेऊन जावे आणि घरातल्या माणसांनाही सोबत न्यावे. पुढचे आसन घरात जो गाडी चालवणार त्याच्या उंचीप्रमाणे लावावे, मग त्याच्या मागे बसून पाहावे. मांड्यांना आसनाचा आधार पुरतो का, पाठीचा कोन सरळ आहे की आरामाचा, मधल्या जागेखाली फरशीचा उंचवटा पाय ठेवू देतो का आणि पॅनोरमिक सनरूफमुळे डोक्यावरची जागा कमी तर झाली नाही ना, हे सगळे बसल्यावरच कळते. ज्येष्ठांसाठी आसनाची उंची फार महत्त्वाची ठरते, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली वाकून बसायला किंवा उंच पायरी चढल्यासारखे आत शिरायला त्रास होतो आणि कमरेच्या पातळीला असलेले आसन त्यांना सर्वांत सोयीचे पडते. त्यांनी एकदा नव्हे, दोन-तीनदा चढून-उतरून पाहावे; विक्रेता घाई करत असला तरी हे टाळू नये.

मूल लहान असेल तर आपले बालआसन सोबत नेऊन तेथेच बसवून पाहावे. आयसोफिक्सचे, म्हणजे बालआसन गाडीला अडकवायचे, हुक आसनाच्या फटीत खोल दडलेले असतील तर दर वेळी बसवताना कंटाळा येतो आणि कंटाळा आला की ते वापरणे सुटते. ते बसवल्यावर शेजारी किती जागा उरते तेही पाहावे. मधल्या प्रवाशाला तीन-बिंदू पट्टा व डोक्याचा आधार आहे का, याची खात्री करावी.

सामानाच्या डिकीबाबत एक उदाहरण पुरेसे आहे. ग्रँड विटाराच्या माइल्ड हायब्रिड, म्हणजे विजेची मोटर इंजिनाला फक्त थोडा हातभार लावते अशा, प्रकारात ३७३ लिटर जागा मिळते, तर स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे काही अंतर केवळ विजेवर चालू शकणाऱ्या, प्रकारात बॅटरीमुळे ती २६५ लिटरवर येते. नाव तेच, बाहेरचा आकार तोच. तरीही गणपतीला गावी जाताना एका मोठ्या बॅगेचा फरक पडतो. सीएनजी प्रकारातही टाकी कुठे बसवली आहे ते डिकी उघडूनच पाहावे.

सुरक्षितता

भारत एनकॅप ही आपली मूल्यांकन योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तिच्यात समोरून ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडक देऊन चाचणी होते आणि प्रौढांसाठी ३२ पैकी, तर मुलांसाठी ४९ पैकी गुण दिले जातात. पाच ताऱ्यांसाठी अनुक्रमे किमान २७ आणि ४१ गुण लागतात. ताऱ्यांच्या जाहिरातीवर न थांबता हे दोन्ही आकडे वेगळे पाहावेत आणि मुले असलेल्या कुटुंबाने दुसऱ्या आकड्याला पहिल्याइतकेच वजन द्यावे. भारत एनकॅपच्या आधी आलेल्या गाड्यांसाठी ग्लोबल एनकॅपचे निकाल उपलब्ध असतात. चाकणला बनणाऱ्या कुशाक व टायगुन यांना २०२२ मध्ये तिथे प्रौढ आणि बालक या दोन्ही गटांत पाच तारे मिळाले होते. दोन्ही योजनांचे गुण थेट एकमेकांशी ताडू नयेत, कारण प्रौढांसाठीच्या पूर्ण गुणांची संख्या वेगळी आहे. निकाल ज्या पिढीच्या गाडीचा आहे तीच पिढी आपण घेत आहोत का, हेही तपासावे.

लेव्हल टू एडास, म्हणजे ब्रेक व स्टिअरिंगमध्ये चालकाला मदत करणारी सोय, आता या वर्गात सर्रास दिसते. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा मोलाची आहे यात शंका नाही. मार्गिकेत ठेवणारी यंत्रणा मात्र रस्त्यावर स्पष्ट रेषा असतील तरच काम करते. समृद्धी महामार्गावर तिचा उपयोग होईल, गावाकडच्या रस्त्यावर तिचा भरवसा धरू नये. दोन लाख रुपये वाढवून एडास घ्यायचे की त्याच पैशांत चांगले टायर, सहा एअरबॅगा आणि मागचे डिस्क ब्रेक असलेला प्रकार निवडायचा, असा प्रश्न आला तर मी दुसऱ्याच्या बाजूने कौल देईन.

किंमत: मॉडेलची नको, प्रकाराची तुलना

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. एका मॉडेलचा पायाभूत प्रकार आणि दुसऱ्याचा सर्वोच्च प्रकार मनात ठेवून तुलना केली जाते आणि निष्कर्ष चुकतो. आपली रक्कम ठरवावी, प्रत्येक मॉडेलचा त्या रकमेत बसणारा एकच प्रकार निवडावा आणि मग फक्त त्या प्रकारांची तुलना करावी. रक्कमही एक्स-शोरूम नव्हे, ऑन-रोड, म्हणजे राज्याचा कर व विमा मिळवून, धरावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे आणि तो एक्स-शोरूम किमतीत धरलेला असतो. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल इंजिनाच्या गाड्यांवर मात्र तो १८ टक्के आहे. चौघांचे कुटुंब शहरातच फिरत असेल तर या फरकामुळे लहान वर्गातली वरच्या दर्जाची गाडीही यादीत ठेवणे योग्य ठरते.

त्यानंतर राज्याचा कर येतो. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर १२ टक्के आणि डिझेल गाडीवर १४ टक्के एकरकमी कर लागतो. म्हणजे पंधरा लाखांच्या गाडीवर केवळ कराचाच फरक तीस हजार रुपये होतो. बेळगावच्या वाचकांनी कर्नाटकचा दर वेगळा आणि अधिक आहे हे लक्षात ठेवावे. दहा लाखांहून महाग गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा प्राप्तिकर, घेतो, ती रक्कम प्राप्तिकर विवरणपत्रात आपल्या खात्यावर जमा धरता येते. विमा विक्रेत्याकडूनच घेण्याची सक्ती नाही. बाहेरून दर मागवून तुलना करावी आणि पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या भागात राहत असल्यास इंजिन संरक्षणाचे पूरक कवच घ्यावेच.

इंधन आणि गिअर

स्ट्राँग हायब्रिडचा हिशेब भावनेने न करता कागदावर करावा. समजा वर्षाला १२,००० किलोमीटर प्रवास आहे आणि पेट्रोल लिटरला १०४ रुपये आहे. साध्या पेट्रोल गाडीने प्रत्यक्षात लिटरला १३ किलोमीटर दिले तर वर्षाचा खर्च ९६,००० रुपये होतो. हायब्रिडने २० दिले तर ६२,४०० रुपये. वर्षाला ३३,६०० रुपये वाचतात. ऑन-रोड किमतीत अडीच लाखांचा फरक असेल तर तो भरून निघायला सात वर्षांहून अधिक काळ लागतो; प्रवास दुप्पट असेल तर चार वर्षांच्या आत भरून निघतो. ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडचे २७.९७ असे जाहीर झालेले मायलेज प्रयोगशाळेतल्या चाचणीचे आहे, म्हणून हिशेबात नेहमी प्रत्यक्ष वापरणाऱ्यांचा आकडा घालावा.

डिझेल महामार्गावर उत्तम असते. मात्र रोजचा प्रवास पाच-सात किलोमीटरचाच असेल तर धुराच्या नळीतली गाळणी, म्हणजे डीपीएफ, स्वच्छ होण्याइतकी तापत नाही आणि काजळी साचून धोक्याचा दिवा लागतो. अशा कुटुंबाने डिझेलचा मोह टाळावा. ऑटोमॅटिक घेताना आपण कोंडीत किती अडकतो याचा विचार करावा, कारण कोरड्या क्लचचा डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअर, घाटातल्या रांगेत इंचाइंचाने सरकताना तापू शकतो आणि सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर हे ऑटोमॅटिकचे दुसरे प्रकार तिथे अधिक निर्धास्त असतात.

चाचणी आणि ताबा

चाचणीसाठी निवडलेलाच प्रकार मागावा, सगळे कुटुंब बसवावे, एसी सुरू ठेवावा आणि विक्रेत्याच्या ठरलेल्या गुळगुळीत रस्त्याऐवजी खड्ड्यांच्या व चढाच्या रस्त्याने जावे. निम्मा वेळ आपण स्वतः मागे बसावे. ग्राउंड क्लिअरन्सचे, म्हणजे गाडीचा तळ जमिनीपासून किती उंच आहे याचे, आकडे, उदाहरणार्थ एलिव्हेटचे २२० मिमी, बहुधा रिकाम्या गाडीचे असतात. पाच माणसे आणि सामान भरल्यावर गतिरोधकाला खालचा भाग घासतो का, ते अशा चाचणीतच समजते.

ग्रँड विटारा-हायरायडर आणि कुशाक-टायगुन या जोड्यांचा सांगाडा व इंजिने सामायिक आहेत. त्यांच्यातली निवड मुख्यतः वॉरंटी, सवलत आणि जवळचे सर्व्हिस सेंटर यांवर करावी. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर राहणाऱ्यांना शेवटची बाब निर्णायक वाटली तर त्यात काहीच चूक नाही.

नोंदणी होण्यापूर्वी गाडी दिवसाच्या उजेडात तपासावी. चासी क्रमांकावरून उत्पादनाचा महिना विचारून घ्यावा, टायरवरच्या चार अंकी शिक्क्यातून आठवडा व वर्ष वाचावे, रंगाच्या छटा सर्व दारांवर सारख्या आहेत का आणि मागचे पट्टे व आयसोफिक्सचे हुक जागेवर आहेत का ते पाहावे. दोष आढळल्यास लेखी नोंद करून दुसरी गाडी मागावी; आरटीओचा क्रमांक आपल्या नावावर पडल्यानंतर बदली मिळवणे फार अवघड जाते.