परतीचा पाऊस ओसरल्यावर लॅव्हेंडरची लागवड: देशावरील घरबागेसाठी सल्ला

परतीचा पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातून माघार घेतो. त्यानंतर पहाटे गारवा जाणवू लागेपर्यंतचे दिवस लॅव्हेंडरसाठी माती आणि कुंडी तयार करण्याचे आहेत. प्रत्यक्ष रोप दिवाळीच्या सुमारास लावावे. इतर फुलझाडांप्रमाणे जूनच्या पहिल्या पावसावर लावलेले लॅव्हेंडर बहुधा श्रावण संपण्याआधीच मुळाशी कुजते. नोव्हेंबरमध्ये लावलेल्या रोपाला मात्र फेब्रुवारीअखेरपर्यंत कोरडी हवा, भरपूर ऊन आणि थंड रात्री मिळतात, आणि तेवढ्या अवधीत त्याची मुळे कुंडीभर पसरतात.

हे झाड काटक म्हणून ओळखले जाते आणि ते खरेही आहे. पण त्याचा काटकपणा थंडी, वारा आणि निकस जमीन सोसण्यात आहे. भूमध्य समुद्राभोवतालच्या खडकाळ, चुनखडीच्या डोंगरउतारांवर ते वाढते. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. आपल्याकडे नेमका उष्ण हंगामच दमट असतो, आणि ऊब व ओल एकत्र आली की मुळे कुजवणाऱ्या बुरशीला हवे ते सारे मिळते. म्हणून पुढील सर्व सूचनांचे सूत्र पाणी साचू न देणे हेच आहे.

रोप घेताना प्रजाती विचारून घ्यावी. अत्तरासाठी नावाजलेले लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलिया कडक हिवाळा मिळाला तरच भरभरून फुलते. सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) या संस्थेच्या अरोमा मिशन या सुगंधी पिकांच्या योजनेखाली जम्मू विभागातील भदरवाह येथे मक्याऐवजी ज्या लॅव्हेंडरची शेती उभी राहिली, ते हेच. पण तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो. पुणे, नाशिक किंवा संभाजीनगरच्या गच्चीवर ते हिरवे राहू शकेल, परंतु फुलांची खात्री देता येत नाही. पानांच्या कडा दातेरी असलेले लॅव्हेंड्युला डेंटाटा फुलण्यासाठी कडक थंडीवर अवलंबून नसते आणि आपली हवाही त्यामानाने बरी सोसते, त्यामुळे पहिल्यांदा लावणाऱ्यांनी तेच निवडावे असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याचा वास कापराकडे झुकणारा असतो, आणि त्याची फुले चहात किंवा स्वयंपाकात वापरू नयेत. जांभळ्या शेताचे चित्र छापलेल्या बियांच्या पाकिटांच्या मोहात पडू नये; बी उगवायला अनेक आठवडे लागू शकतात, उगवण एकसारखी होत नाही आणि रोपे मूळ झाडासारखीच निघतील याचा भरवसा नसतो. छाटकलमापासून केलेले, बुंध्याशी पाने टवटवीत असलेले रोप घ्यावे.

थंड हवेचे ठिकाण म्हणजे लॅव्हेंडरचे ठिकाण, हा समजही सोडून द्यावा. महाबळेश्वरला हवा गार असली, तरी तिथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि कित्येक आठवडे धुके हटत नाही. त्याउलट माण, खटाव, सांगोला यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास असल्याने तिथल्या अंगणात, उंच वाफ्यावर, जमिनीतही हा प्रयोग करण्याजोगा आहे. कोकणात आणि गोव्यात मात्र कुंडीशिवाय प्रयत्न करू नये, आणि ती कुंडीही पावसाळाभर छताखाली हवी.

मातीकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते. आपली काळी माती विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, असते आणि तेवढ्यापुरती ती लॅव्हेंडरला मानवण्यासारखी आहे. तिचा दोष असा की तिच्यातील चिकणमाती पाणी धरून ठेवते आणि ओली असताना मुळांना हवा मिळू देत नाही. म्हणून नुसती काळी माती कुंडीत भरू नये. एक भाग पोयट्याची किंवा लाल माती, एक भाग चाळून बारीक भुकटी काढून टाकलेला मुरूम, एक भाग धुतलेली जाड वाळू आणि अर्धा भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत असे मिश्रण करावे. मुरूम देशावर सर्वत्र आणि स्वस्त मिळतो, त्यामुळे परलाइटवर (माती भुसभुशीत करण्यासाठी विकत मिळणाऱ्या हलक्या पांढऱ्या खड्यांवर) पैसे घालवण्याची गरज नाही. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घालू नये, कारण ओल टिकवणे हाच त्याचा गुण आहे. जांभ्याच्या आम्ल मातीत कुंडीमागे चमचाभर शेतीचा चुना मिसळावा. मिश्रण भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतून पाहावे. ते मिनिटभरात खालून वाहू लागले नाही, तर आणखी वाळू घालावी.

कुंडी मातीची, १० ते १२ इंची आणि तळाला मोठे छिद्र असलेली घ्यावी. ती दोन विटांवर ठेवावी आणि खाली बशी ठेवू नये. रोपवाटिकेतून आलेल्या रोपाच्या मुळांभोवती बहुतेक वेळा कोकोपीटचा घट्ट गोळा असतो. तो तसाच लावला तर बाहेरची माती कोरडी पडते आणि आत मुळांशी ओल राहते. लावण्यापूर्वी गोळा हलक्या हाताने सैल करून शक्य तेवढे कोकोपीट झटकून टाकावे. रोप पूर्वीपेक्षा खोल लावू नये आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन न करता बारीक खडीचा पातळ थर द्यावा. जमिनीत लावायचे असल्यास फूटभर उंचीचा गादीवाफा करून दोन रोपांत किमान दीड फूट अंतर सोडावे.

रोज किमान सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा हवी. पाणी वार ठरवून देऊ नये. बोट दोन इंच मातीत घालून पाहावे आणि तिथेही कोरडे लागले तरच भरपूर पाणी द्यावे. मुळे कुजलेले झाड आणि तहानलेले झाड दोन्ही सारखीच माना टाकतात, त्यामुळे झाड मलूल दिसताच पाणी ओतण्यापूर्वी कुंडी उचलून पाहावी. ती जड लागत असेल, तर पाणी थांबवून झाड उन्हाच्या झळांपासून दूर, हवेशीर जागी हलवावे. युरिया किंवा वरचेवर दिलेले जीवामृत या झाडाला अपायकारकच ठरते, कारण जास्त नत्रामुळे फांद्या लुसलुशीत होतात आणि फुले व सुगंध दोन्ही घटतात. लागवडीच्या वेळचे खत पहिल्या वर्षाला पुरेसे आहे. पिठ्या ढेकूण (पांढऱ्या पिठासारखी दिसणारी कीड) दिसल्यास एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे.

मार्चनंतर विदर्भ-मराठवाड्यात दुपारच्या उन्हासाठी ५० टक्के सावलीची शेडनेट बांधावी. फुलांचा बहर ओसरला की हिरव्या वाढीचा सुमारे एक तृतीयांश भाग छाटावा. पाने नसलेल्या तपकिरी, कठीण लाकडापर्यंत कात्री नेऊ नये, कारण तिथून सहसा नवा फुटवा येत नाही. मे महिन्याच्या अखेरीस आतल्या दाट आणि वाळलेल्या काड्या काढून झुडपातून वारा खेळेल असे करावे आणि पहिला वळीव येण्याआधी कुंडी पत्र्याखाली किंवा पारदर्शक छताखाली हलवावी.

एवढे करूनही एखादे झाड पावसाळ्यात जाऊ शकते. त्यासाठी डिसेंबर-जानेवारीतच फुले नसलेल्या निरोगी फांद्यांची तीन-चार इंचांची कलमे घ्यावीत, खालच्या निम्म्या भागावरील पाने काढावीत आणि ओलसर जाड वाळूत, सावलीत लावावीत. चार ते सहा आठवड्यांत मुळे फुटली, की त्यांना वरीलच मिश्रणात, लहान मातीच्या कुंड्यांत हलवावे.