सारंगखेड्याच्या जत्रेतली गोडी शेव घरी करायची असेल तर

दत्तजयंती जवळ आली की मला घोडे नाही, गोडी शेव आठवते. तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा एवढा मोठा बाजार भरतो, लोक लांबून लांबून घोडे बघायला येतात, आणि आम्ही पोरं मात्र वडलांचा हात ओढत त्या शेवेच्या ढिगाकडे. वर्तमानपत्राच्या पुड्यात बांधून द्यायचे, घरी येईस्तोवर गूळ कागदाला चिकटलेला असायचा, मग शेवेबरोबर थोडी बातमी पण पोटात.

आता दुकानात मिळते ती नुसती साखरेत घोळवलेली असते, गुळाचा पत्ता नाही, म्हणून घरीच करते.

2 वाट्या बेसन, चिमूटभर मीठ, 2 चमचे कडकडीत तेलाचं मोहन. सोडा घालू नका, शेव पोकळ होते आणि पाकात मोडते. पीठ चकलीपेक्षा थोडं घट्ट भिजवा, सोऱ्याला जाड शेवेची ताटली लावा, मध्यम आचेवर तळा. लाल नाही करायची, पण आतून कच्ची पण नको, एक मोडून बघा, कट्ट आवाज आला पाहिजे. गार झाली की बोटभर तुकडे करा. गरम शेव पाकात टाकली तर मऊ पडते, इथे घाई नको.

खरी परीक्षा पाकाची. दीड वाटी चिरलेला गूळ, पाव वाटी पाणी. साधा गूळ घ्या, चिक्कीचा नको. चिक्कीच्या गुळाचा पाक काचेसारखा ताठ होतो, मी पहिल्यांदा तोच आणला होता आणि अख्खी कढई एकच ढेकूळ, शेवटी खलबत्त्यातल्या बत्त्याने फोडून खाल्ली. गूळ विरघळला की गाळून घ्या, खडे निघतात. मग उकळू द्या आणि वाटीत गार पाणी घेऊन थेंब टाकून बघत राहा. थेंब पसरला तर अजून वेळ आहे, बोटाने गोळा करता आला आणि वाटीत टाकल्यावर टण्ण वाजला की झालं. मोठी माय शेजारी बसून नुसता वास घेऊन सांगायची, "आते उतार", म्हणजे आता उतरव. मला अजून वाटीच लागते.

गॅस बंद, अर्धा चमचा सुंठपूड, मग सगळी शेव एकदम टाका आणि हलवत राहा, हात दुखला तरी थांबू नका कारण थांबलात की गोळा झालाच म्हणून समजा, उलथनं खालून वर, खालून वर, पाच-सात मिनिटांत चकाकी जाऊन गूळ कोरडा पडायला लागतो आणि शेव सुटी होते. तीच जत्रेतली शेव.

पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. तळाला जो सुंठगुळाचा चुरा उरतो तो आमच्याकडे डबा घासणाऱ्याचा, म्हणून हा एक डबा घासायला सगळे तयार असतात.