आधी जिती बिळं ओळखा, मग धुरीचा खर्च करा

हरभऱ्याच्या नाहीतर केळीच्या बांधावर उंदरांची बिळं भारंभार दिसतात, पण वापरातली त्यातली थोडीच. सगळ्यांत धुरीच्या, म्हणजे विषारी गॅस सोडणाऱ्या, गोळ्या टाकल्या की पैसा मातीत.

१. संध्याकाळी दिसेल ते प्रत्येक तोंड ओल्या मातीने बुजवा. शेजारच्या बांधाचीही, त्याला विचारून. उंदराला सातबारा कळत नाही.

२. सकाळी लवकर फेरी मारा. जे तोंड पुन्हा उकरलंय, बाहेर ताजी भुसभुशीत माती आहे, ते जितं. तिथे पऱ्हाटीची काडी रोवा.

३. धुरी फक्त काडीच्या बिळांना. तीही पाणी देऊन वाफसा आल्यावर. आपल्या काळ्या जमिनीला कोरडेपणी भेगा पडतात, गॅस तिथूनच निसटतो. शिवाय गोळीतून गॅस सुटायला ओलावा लागतोच. नंतर आजूबाजूची सगळी तोंडं दाबून बंद.

दुसऱ्या दिवशी उकरलेलं दिसलं तरच परत.

एक सांभाळा: ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी स्वतः टाकायची नाही. तिच्या वापरावर कायद्याने निर्बंध आहेत आणि तिच्या फॉस्फिन गॅसवर उतारा नाही. परवानाधारक कीडनियंत्रकाला बोलवा. बुजवणं आणि खुणा करणं तुमचं, गोळी त्याची. घर, गोठा किंवा शेतातली राहती झोपडी जवळ असेल तर तिथे धुरी नकोच, सापळे लावा.