अमेरिकेतल्या एमआयटीला बारावीनंतर अर्ज कसा करायचा, आणि पैशांचं काय

पुण्यात एमआयटी म्हटलं की रिक्षावाला थेट कोथरूडला नेतो. हा लेख बोस्टनशेजारच्या केंब्रिज गावातल्या, चार्ल्स नदीकाठच्या एमआयटीबद्दल आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, स्थापना १८६१, खासगी विद्यापीठ. माझ्या भाचीने तिथे अर्ज केला तेव्हा मामा म्हणून मी त्यात पुरेपूर नाक खुपसलं होतं. त्यातून जे कळलं ते क्रमाने सांगतो. क्रमाला महत्त्व आहे, कारण आपल्याकडची बहुतेक घरं फीचा आकडा बघून पहिल्याच पायरीवरून परत फिरतात.

आधी पैसे

२०२४-२५ ला तिथलं नुसतं शिक्षण शुल्क ६१,९९० डॉलर होतं. राहणं, जेवण, पुस्तकं धरून वर्षाचा खर्च ८६,००० डॉलरच्या आसपास. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ७३ लाख. चार वर्षांचा हिशेब करू नका, चहा कडू लागेल.

मात्र हा आकडा सगळ्यांनी भरायचा नसतो. एमआयटी प्रवेश ठरवताना घरची ऐपत बघत नाही, आणि हा नियम परदेशी मुलांनाही लागू आहे. प्रवेश मिळाला की घराला जेवढं झेपत नाही तेवढं विद्यापीठ स्वतः भरतं. परदेशी मुलांसाठी या दोन्ही गोष्टी करणारी विद्यापीठं अमेरिकेत फार थोडी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही त्यातली आपल्याला माहीत असलेली नावं. २०२५ पासून एमआयटीचं धोरण असं आहे की वर्षाला २ लाख डॉलरच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना सहसा शिक्षण शुल्क पडत नाही, आणि १ लाख डॉलरच्या आत असेल तर आईवडिलांकडून काहीच अपेक्षित नसतं. अट एवढीच की मालमत्ताही त्या उत्पन्नाला साजेशी असावी. बारा लाख रुपये कमावणारं आपलं घर म्हणजे त्यांच्या हिशेबात चौदा हजार डॉलर.

उलट बाजूही ऐका. हुशारीसाठी वेगळी शिष्यवृत्ती तिथे नाहीच. ऑलिम्पियाडचं सुवर्णपदक असलं तरी मदत मिळते ती गरजेप्रमाणेच. त्यामुळे "तुमच्या मुलीला स्कॉलरशिप मिळवून देतो" असं कोणी सांगितलं, तर तिथूनच नमस्कार करून उठावं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खर्चाचा अंदाज देणारं गणकयंत्र फुकट आहे. एका संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ते भरा.

मग शक्यता

२०२४ च्या प्रवेशासाठी २८,२३२ अर्ज आले आणि १,२७५ जणांना होकार मिळाला. म्हणजे शंभरात साडेचार. परदेशी मुलांचा वाटा वर्गात साधारण दहा टक्केच असतो, तेव्हा आपल्यासाठी दार आणखी अरुंद. जेईई किंवा सीईटीची तयारी सोडून हे करू नका. दोन्ही एकत्र चालवता येतं, फक्त त्यासाठी अकरावीतच सुरुवात हवी.

अकरावीत काय करायचं

पासपोर्ट नसेल तर आधी तो काढा. नंतर सॅट, म्हणजे अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेशासाठीची गणित आणि इंग्रजीची परीक्षा. कोविडच्या काळात ती ऐच्छिक झाली होती, पण २०२२ मध्ये एमआयटीने पुन्हा सक्तीची केली (सॅटऐवजी एसीटी ही तशीच दुसरी परीक्षा चालते). किमान गुणांची अट नाही. तरीही निवड झालेल्यांतल्या मधल्या निम्म्या मुलांचे गणिताचे गुण ८०० पैकी ७८० ते ८०० असतात. जेईईची तयारी करणाऱ्या मुलाला गणित जड जात नाही, दमवतो तो इंग्रजी वाचनाचा भाग. दोनदा परीक्षा दिली तर प्रत्येक विभागाचे दोन्हींतले जास्त गुण धरले जातात. शिक्षण मराठी माध्यमातून झालं असेल तर टोफेल किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देऊन ठेवलेली बरी.

शिक्षकांची पत्रं: खरी अडचण इथे

दोन पत्रं लागतात. एक गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचं, दुसरं भाषा, इतिहास वगैरे शिकवणाऱ्यांचं. मराठीच्या मॅडमही चालतात, पत्र इंग्रजीत हवं. हे अमेरिकेत सोपं असेल. आपल्याकडे मुलगी सकाळी सहाला क्लासला जाते आणि कॉलेजात नाव असतं हजेरीपुरतं. तिला ओळखणारा शिक्षक आणायचा कुठून?

भाचीच्या फिजिक्सच्या सरांनी पहिल्यांदा चार ओळी लिहून दाखवल्या. प्रामाणिक, आज्ञाधारक, नियमित. सर मनापासून बोलत होते, पण अशा चार ओळी कोणालाही लावता येतात. तेव्हा तिनेच त्यांना प्रॅक्टिकलची आठवण करून दिली. मीटर ब्रिजच्या प्रयोगात गॅल्व्हनोमीटरचा काटा एकाच बाजूला पळत होता. बाकीच्यांनी शेजारच्या टेबलावरून रीडिंग उतरवून घेतली. ही मात्र सगळी जोडणी सोडून पुन्हा बांधत बसली, आणि एक सैल स्क्रू सापडल्यावरच उठली. सर हसले आणि म्हणाले, "अगं, हेच लिहितो की." पत्र मुलांनी स्वतः लिहून सहीला न्यायचं नसतं. शिक्षक ते परस्पर पाठवतात. पण अशी आठवण करून द्यायला काही हरकत नाही.

शाळेचा अहवाल आणि गुणपत्रकं वेगळी. त्यासाठी कॉलेजात समुपदेशक असावा अशी त्यांची कल्पना असते. आपल्याकडे ते काम प्राचार्य किंवा उपप्राचार्यांकडे जातं. नववीपासूनचे गुण मागतात आणि नववी असते जुन्या शाळेत, म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधी तिथल्या क्लार्कना गाठा.

अर्ज

बरीच अमेरिकी विद्यापीठं एकच सामायिक अर्ज घेतात, एमआयटीचा मात्र स्वतःचा आहे. शुल्क ७५ डॉलर. परवडत नसेल तर शुल्कमाफी मागता येते, त्यात कमीपणा काही नाही. एक लांबलचक निबंध नसतो, शे-दोनशे शब्दांची काही छोटी उत्तरं असतात. त्यातलं एक केवळ आवडीखातर तुम्ही काय करता, याबद्दल. इथे आपली मुलं "समाजसेवा" लिहून मोकळी होतात. माझ्या भाचीला घरातली बंद पडलेली घड्याळं उघडून बघायची खोड आहे. तिने तेच लिहिलं, आणि त्यातली अर्धी अजून बंदच आहेत हेही लिहिलं. उपक्रमांसाठी जागा फक्त चारच, तेव्हा पन्नास प्रमाणपत्रांची फाइल कपाटातच राहू द्या. स्वतः काही बनवलं असेल, तर त्याचे फोटो आणि व्हिडिओ वेगळे पाठवायची सोय आहे.

अर्जाच्या दोन फेऱ्या. पहिलीची मुदत १ नोव्हेंबर, दुसरीची जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. लवकर अर्ज केल्याने पारडं जड होत नाही, आणि होकार आला तरी जायचं बंधन नाही. दुसरी फेरी धरलीत तर लक्षात ठेवा, जेईई मेनची पहिली परीक्षाही जानेवारीतच असते. उत्तरं दिवाळीत लिहून संपवा.

आर्थिक मदतीची कागदपत्रं

मदतीसाठी कॉलेज बोर्डाचा (सॅट घेणारी संस्था) सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म भरायचा. तो भरायला आई-बाबा लाजतात, "मदत मागितली तर नाव कापतील" म्हणून. मघाशी म्हटलं तसं, ऐपत बघून निवड होतच नाही.

फॉर्म पगारदारासाठी सोपा आहे, आयकर विवरणपत्र आणि फॉर्म १६ असला की झालं. शेती आली की घोळ सुरू होतो. माझे मेहुणे जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, शिवाय वडिलोपार्जित ऊस. सातबाऱ्यावर चार भावांची नावं. आम्ही सगळं क्षेत्र न दाखवता त्यांच्या वाट्याचं तेवढंच दाखवलं आणि टिपणासाठी दिलेल्या जागेत वाटा कसा ठरतो ते दोन ओळींत लिहिलं. उत्पन्नाचा पुरावा म्हणून कारखान्याची ऊसबिलं जोडली. शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडे आयकर नाही, हेही नमूद केलं, नाहीतर विवरणपत्र आणि फॉर्म यांचे आकडे जुळत नाहीत. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. एक रुपयाही लपवू नका, दरवर्षी नव्याने भरायचं असतं.

निकाल

दुसऱ्या फेरीचा निकाल १४ मार्चला, म्हणजे अमेरिकी पद्धतीने ३/१४, पायचा दिवस. वेळही गमतीने संध्याकाळी ६:२८ ठेवतात, पायची दुप्पट. आपल्याकडे तेव्हा १५ तारखेचे पहाटेचे ३:५८ वाजलेले असतात, आणि घरात बहुधा बारावीचे पेपर चालू असतात. होकार आला तर उत्तर द्यायला १ मेपर्यंत वेळ मिळतो. मग आय-२० नावाचा कागद (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो प्रवेशाचा दाखला), ३५० डॉलरचं सेव्हिस शुल्क (परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकी सरकारी नोंदणीचं) आणि मुंबईला बीकेसीतल्या वकिलातीत व्हिसाची मुलाखत.

आमच्याकडे नकार आला. चार वाजता भाचीने लॅपटॉप मिटला, मला म्हणाली, "मामा, झोप आता." आणि स्वतः पुस्तक काढून बसली.